गावच्या घरावर पत्रा: कौलं उतरवण्यापासून पहिल्या पावसापर्यंतच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

आधी घराची माहिती देते म्हणजे पुढचं समजेल. दापोली तालुका, समुद्र सरळ रेषेत दीडेक किलोमीटर. भिंती चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या. आढं (छपराचा सगळ्यात वरचा आडवा कणा) उत्तर-दक्षिण, दोन पाखी म्हणजे दोन्ही बाजूंना उतार असलेलं छप्पर, वर मंगलोरी कौलं. काका-काकू बारा महिने तिथेच, मी ठाण्यात, जमेल तशी जाते.

कौलं बदलायचं का ठरलं तर वांदर. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायचं, म्हणजे कौलं नीट करून परत बसवायची, आणि आठवड्याभरात वांदरांनी त्यावरून पळून पंचवीस-तीस कौलं फोडायची. शाकारायला माणूसही आता मिळत नाही. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी कौलं गेली होती, तेव्हा जी मिळाली ती घातली, पण कारखाना बदलला की कौलाची खाच बदलते, जुनं-नवं नीट बसत नाही आणि त्या जोडावर पाणी येतं. काकूंचा जीव कौलांत आहे. काका म्हणाले, "बाय, मी आता शिडी चढत नाय, काय ते कर."

सिमेंटचा पत्रा नको हे पहिल्यांदाच ठरलं, नारळ पडला की गेला. ॲल्युमिनियम खारट हवेला उत्तम पण बजेटबाहेर. म्हणजे उरला कलर कोटेड स्टील पत्रा.

१७ नोव्हेंबर

रेट विचारायला सुरुवात केली. दोघांनी घर न बघता फोनवरच सांगितलं. एकाचा २२५ रुपये स्क्वेअर फूट, "सगळं धरून". सगळं म्हणजे काय विचारलं तर "सगळं म्हणजे सगळं ताई." छप्पर साधारण १४५० स्क्वेअर फूट म्हणजे सव्वातीन लाख, म्हणून तेवढं बजेट डोक्यात धरलं. तिसरा घरी आला, पाच मिनिटं मोबाईलवर बोलत अंगणात फिरला आणि म्हणाला उतार कमी करूया, पत्र्याला एवढा उतार लागत नाही, दोन्ही बाजूचे दोन-दोन फूट वाचतील. पत्र्याला कमी उतार चालतो हे खरंय, पण कोकणातल्या पावसात वारा पाणी खालून वर ढकलतो. उतार आहे तोच ठेवायचा, कोणी कितीही स्वस्त सांगितलं तरी.

१ डिसेंबर

आजचा दिवस दुकानांत. ज्यांना पत्रा घ्यायचाय त्यांनी ही नोंद नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी इथे आहे.

सगळे "०.५०" म्हणतात. पण ०.५० नक्की कशाचं? आतल्या पोलादाची जाडी वेगळी, त्यावर धातूचा मुलामा धरून जाडी वेगळी, वर रंग धरून आणखी वेगळी. दुकानदार सोयीची सांगतो. मावसभाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने जाडी मोजायचा स्वतःचा स्क्रू गेज दिला होता आणि सांगितलं होतं की नुसता आकडा विचारू नकोस, बेस मेटल, म्हणजे आतलं पोलाद, किती ते विचार. पहिल्या दुकानात ०.५० म्हणून दाखवलेला तुकडा रंगासकट ०.४३ भरला. म्हणजे आत पोलाद ०.३६ च्या आसपास. दुकानदाराने गेज हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि "हा मशीन खराब हाय" म्हणून परत दिला.

दुसऱ्या ठिकाणी पत्रा ०.५३ भरला, म्हणजे बेस ०.४५, वर मुलामा, वर रंग. तो घ्यायचा. गेज नसेल तर वजन करा. मूळ कॉइल १२२० मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे बेस ०.४५ चा पत्रा रनिंग मीटरला साधारण साडेचार किलो भरायला हवा, फुटाला १.३७ च्या जवळपास. नमुन्याचा एक फूट तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तरी कळतं.

मुलामा: साधा जीआय म्हणजे नुसता जस्ताचा, दुसरा गॅल्व्हल्युम, त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि दीडेक टक्का सिलिकॉन. समुद्राजवळ दुसरा. त्यात एझेड १५० बघा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा. कमी आकड्याचाही मिळतो आणि वरून रंग सारखाच दिसतो. पत्र्याच्या मागे कंपनीचं नाव, जाडी, मुलामा छापलेला असतो, छापलेला नसेल तर घेऊ नका. वॉरंटी कार्डावरचं बारीक अक्षर पण वाचा, आमच्याकडे समुद्रापासूनच्या अंतराची अट होती आणि ती दुकानदाराला स्वतःलाच माहीत नव्हती.

कौलाच्या डिझाईनचा पत्रा काकूंना आवडला होता. तो घेतला नाही, कारण खाली १२ जानेवारीला.

१५ डिसेंबर

फिटर शोधणं. आपल्याकडे पत्र्याचं छप्पर घालणाऱ्याला लायसन वगैरे काही नसतं. आयटीआयला वेल्डर आणि शीट मेटल वर्कर असे ट्रेड आहेत, पण छपरावर चढणारे बहुतेक कोणाच्या तरी हाताखाली शिकलेले. त्यामुळे कागद बघून उपयोग नाही, छप्पर बघायचं. आणि नवं छप्पर बघायचंच नाही, ते सगळ्यांचंच चकचकीत असतं. प्रत्येकाला विचारलं, तीन पावसाळे झालेलं तुझं काम दाखव. दोघांनी नंतर फोनच उचलला नाही.

बघायचं काय तर घराच्या आत माळ्यावर जायचं, दिवा बंद करायचा, दोन मिनिटं डोळे अंधाराला बसू द्यायचे आणि वर बघायचं. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे चुकीचं पाडलेलं भोक आहे. मग बाहेर शिडी लावून स्क्रू. स्क्रूखालचा काळा रबर वॉशर जरासा फुगलेला दिसायला हवा, चेपून बाहेर आलेला असेल तर जास्त आवळलाय, दोन वर्षांत फाटणार. कापलेल्या कडांना बघायचं, लालसर ठिपक्यांची रांगोळी असेल तर ग्राइंडरने कापलंय. आणि घरातल्या बाईला विचारायचं कुठे गळतं. मालक कधी सांगत नाही, बाई टोप कुठे ठेवते ते दाखवते.

२८ डिसेंबर

एक फिटर घर बघायला आला आणि पत्र्याबद्दल बोललाच नाही. भिंतीवर हात फिरवला, दोन चिऱ्यांमधली माती नखाने खरवडली आणि विचारलं, "छप्पर कशाला बांधणार? या भिंतीला?"

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्याने समजावलं आणि नंतर मावसभावाने आकडे घालून तेच सांगितलं. एक मंगलोरी कौल सव्वादोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. म्हणजे आमच्या छपरावर साडेचार टनांच्या वर नुसती कौलं. इतकी वर्षं छप्पर त्या वजनाने बसलंय, भिंतीला कुठेही बांधलेलं नाही. नवीन पत्रा सगळा मिळून सहाशे किलो. म्हणजे आपण घरावरून चार टन ओझं काढतोय आणि मोठं सपाट शीड चढवतोय. वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो, सगळ्यात जास्त ओढ कोपऱ्यांना, पागोळीच्या (जिथून पाणी खाली पडतं त्या) कडेला आणि आढ्याला. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये (२०१५ ची आवृत्ती) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, पणजीसाठी ३९. म्हणजे तासाला १५८ आणि १४० किलोमीटर. आम्ही मधे कुठेतरी, आम्ही मुंबईचा आकडा धरला.

निसर्गच्या वेळी वाडीतले पत्रे उडाले ते बरेचसे पाईपांसकट उडाले होते, काका म्हणाले. स्क्रू तुटले नव्हते, खालून सगळं उपटून गेलं.

उपाय: भिंतींच्या डोक्यावर सळई घालून काँक्रिटचा पट्टा, त्यात लोखंडी प्लेटी बसवायच्या आणि त्यावर पाईपांचं स्ट्रक्चर. हा खर्च आधीच्या एकाही कोटेशनमध्ये नव्हता. काम यालाच द्यायचं हे माझं तिथेच ठरलं, रेट कळायच्या आधी, जे बरोबर नाही पण असो.

१२ जानेवारी २०२५

कागदावर सगळं लिहून घेतलं. पत्रा मी घेणार, पक्क्या बिलाने, मजुरी त्याची ५५ रुपये स्क्वेअर फूट. पैसे टप्प्याने: सुरुवातीला, स्ट्रक्चर उभं झाल्यावर, पत्रा बसल्यावर, आणि १५ हजार पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. या शेवटच्या अटीवर तो हसला, पण हो म्हणाला. आधीचा एक जण यावरूनच निघून गेला होता.

कौल डिझाईनचा प्रश्न. पत्र्याच्या एका कडेला आतून बारीक पन्हळ असते, जोडातून शिरलेलं पाणी तिच्यातून खाली जावं म्हणून, ती कड नेहमी खाली दबायला हवी. आमचा पाऊस नैऋत्येचा. म्हणून उत्तरेच्या टोकाकडून पत्रे लावत दक्षिणेला यायचं, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला राहतं. साधा पत्रा दुसऱ्या पाखीला टोकाटोकाने फिरवून लावता येतो. कौल डिझाईनच्या पायऱ्या मात्र एकाच दिशेला उतरतात, तो फिरवता येत नाही, म्हणून एका पाखीला उलट्या बाजूने सुरुवात करून पुढचा पत्रा आधीच्याच्या खाली सरकवत जावं लागतं नाहीतर जोड वाऱ्याच्या तोंडात. "होतं, पण माझी पोरं दहाव्या पत्र्याला कंटाळणार," तो म्हणाला. खरं बोलला म्हणून साधा पत्रा घेतला, रंग विटकरी. काकू अजून बोलत नाहीत त्यावर.

९ फेब्रुवारी

कौलं उतरली. वासे, रिपा वेगळ्या केल्या, चांगले वासे ठेवले. उतरवायचे आणि रचायचे २४ हजार गेले. काका-काकू गोठ्याशेजारच्या खोलीत.

आढं उतरल्यावर दोरी धरून कर्ण मोजले तर घर गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पुढची बाजू मागच्यापेक्षा चार इंच लांब. कौलांत हे कधी दिसलं नाही कारण कौल थोडं थोडं सरकवून घेता येतं, पत्रा मात्र काटकोनातच चालतो. भिंतीच्या रेषेत लावला असता तर शेवटी पागोळी तिरकी पायरीपायरीने उतरली असती. त्याने पट्टा भिंतीवर घातला पण स्ट्रक्चर काटकोनात उभं करायचं ठरवलं, फरक बाजूच्या फ्लॅशिंगमध्ये (कडेची फट झाकणारी वळवलेली पट्टी) लपवायचा. पत्र्याची ऑर्डर स्ट्रक्चर झाल्यावरच द्यायची हा त्याचा हट्ट होता. काका सांगत होते भाव वाढतील, आत्ताच मागव. नाही मागवला हे बरं झालं, नंतर उताराची लांबी पावणेसोळा-सोळाऐवजी १७ फूट निघाली.

पट्टा: ५८ हजार, सळई-सिमेंट-मजुरी धरून. रोज दोन वेळा पाणी मारायचं काम काकांनी केलं.

१६ मार्च

काम बंद. शिमगा. पालखी येऊन गेल्याशिवाय कोणी हात लावणार नाही हे मला जानेवारीतच कळायला हवं होतं, माणसं पाडव्यानंतर येणार. म्हणजे मार्च गेला.

१२ एप्रिल

स्ट्रक्चर उभं. पाईप साधे न घेता जीपी म्हणजे आधीच जस्त चढवलेले घेतले, दोन टनांच्या वर लागले, १ लाख ७२ हजार. सगळ्यात मोठा आकडा हाच, पत्र्याच्या दुपटीहून जास्त. पत्र्याचा भाव काढत बसलो होतो नोव्हेंबरात आणि खरे पैसे पाईपात.

वेल्डिंग केलं की जस्त जळतं आणि नेमका जोडच गंजतो, म्हणून प्रत्येक जोड ब्रशने घासून त्यावर जस्ताचा रंग. पाईपांची उघडी तोंडं प्लेट लावून बंद केली. एका पोराने चार तोंडं तशीच ठेवली होती, आत मधमाशा बसायला लागल्यावर सापडली.

महावितरणची सर्व्हिस वायर जुन्या छपरावर टेकून आत येत होती. पत्र्याला घासली तर अख्खं छप्पर करंट देणार. वायरमन बोलावून वेगळ्या पाईपवर घेतली, स्ट्रक्चरला अर्थिंग केलं. हे विसरू नका.

२७ एप्रिल

पत्रा आला. २६ नग, १७ फूट एकसंध, म्हणजे मधे आडवा जोड नाही. रनिंग फूट १४८ रुपये, ४४२ फूट, जीएसटीसकट ७७ हजार. टेम्पो वाडीच्या वळणात शिरेना, तिथून डोक्यावरून आणले. एक पत्रा मधे वाकला.

पहिल्या दिवशी त्याचा पुतण्या साध्या ड्रिल मशीनने स्क्रू मारत होता, सगळे वॉशर चेपले. फिटर खालून ओरडला, तेवढे स्क्रू काढून त्याच भोकात जाड नंबरचे मारले आणि क्लच असलेली, जास्त आवळू न देणारी गन आली. स्क्रू सगळे उंचवट्यावर, खोलगट भागात एकही नाही. कोपऱ्यांना आणि पागोळीला प्रत्येक उंचवट्यावर, मधे एक सोडून एक.

मात्र पडवीच्या कोपऱ्यात कोणीतरी ग्राइंडर चालवलाच. ठिणग्या पत्र्यावर उडाल्या, तेव्हा काही दिसलं नाही. दोन दिवसांत तिथे नारिंगी पुरळ. लोखंडाचा चुरा रंगात रुतून गंजतो. घासून टचअप केलंय पण तो कोपरा आता लक्ष ठेवायचा. त्यानंतर कात्री आणि निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार), आणि रोज संध्याकाळी मऊ झाडूने छप्पर झाडायचं.

पत्र्याखाली बबल फॉइल, ३२ हजार. उष्णतेसाठी घेतलं पण डिसेंबरात पत्र्याला आतून दव सुटतं आणि टपटपतं त्यालाही उपयोगी. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीची खिडकी ठेवली, नाहीतर गरम हवा जाणार कुठे.

१८ मे

गवंडी बोलावला होता पट्ट्याचं राहिलेलं प्लास्टर करायला, त्याने आपल्या मनाने दक्षिणेकडच्या भिंतीत आणि पत्र्यात जी फट होती ती सिमेंटने भरून टाकली. चांगल्या मनाने केलं. पण ओलं सिमेंट गॅल्व्हल्युमचा मुलामा खातं, आणि पत्रा उन्हात ताणतो तेव्हा सिमेंटला तडा जातोच. फोडून काढलं, भिंतीत खाच मारून फ्लॅशिंग आत घातलं. सीलंट घेताना नळीचं तोंड उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आला तर तो ॲसिडवाला, पत्र्याला चालत नाही. न्यूट्रल मागा. दुकानात मुलगा म्हणाला सगळे एकच असतात. नसतात.

आढ्याखाली घालायच्या फोमच्या पट्ट्या अजून आल्या नाहीत. फिटर म्हणाला जूनच्या आधी घालू, अजून वेळ आहे.

२१ मे

वेळ नव्हता. कालपासून पाऊस, तोही वाऱ्यासकट. काकांचा रात्री फोन, मधल्या खोलीत धार.

२५ मे

मोसमी पाऊस आजच कोकणात आला म्हणे. पावसातच फिटर आला, हे त्याचं मोठेपण. धार मधल्या खोलीत पडत होती म्हणून सगळे तिथलाच पत्रा बघत होते, त्याने फॉइल कापून मागे मागे माग काढला. पाणी फॉइलवरून वाहत येऊन खाली पडत होतं, शिरत होतं आढ्यापाशी. पत्र्याचं वरचं टोक आढ्याखाली प्रत्येक नाळीत (खोलगट भागात) पकडीने वर वळवायचं असतं, म्हणजे वाऱ्याने चढलेलं पाणी तिथेच अडतं. पूर्वेकडचे सगळे वळवलेले होते, पश्चिमेकडचे शेवटचे चार सरळ. संध्याकाळी घाईत राहिले असणार. फोमही नाही, मग काय, नैऋत्येचा वारा सरळ आत.

उघडीप मिळाली तसं आढं खोललं, चारही वळवले, फोम घातला, परत बसवलं. स्क्रूची जुनी भोकं परत वापरली नाहीत, सील केली.

१४ जून

गळती नाही. पागोळीखालची पाणी झेलणारी पन्हळ पश्चिमेला लागलीय, पूर्वेची बाकी. पन्हळीचा साधा हिशोब: एका पाखीखाली साधारण ६० चौरस मीटर जमीन झाकली जाते, तासाला १०० मिलिमीटर पाऊस लागला तर मिनिटाला १०० लिटर पाणी. दुकानात दिलेला खाली जाणारा पाईप तीन इंची होता, एकच. आम्ही चार इंची दोन घेतले. पत्रा पन्हळीत दोन इंच पुढे हवा, मागे राहिला तर पाणी वळून भिंतीवर.

आवाज: येतो. फॉइलने कमी होतो, थांबत नाही. जोराच्या सरीत फोनवर बोलता येत नाही. कौलांखाली राहिलेल्या माणसाला हे खटकणारच, आधी सांगून ठेवा घरच्यांना. वांदर अजून येतात, पण पत्र्यावर पाय घसरतो म्हणून आता आंब्यावरून थेट गोठ्यावर उडी मारतात, जिथे अजून कौलं आहेत.

५ जुलै

एकूण खर्च पाच लाखांच्या आसपास. वर लिहिलेले आकडे, मजुरी ८० हजार, पन्हळ २६, आढं आणि फ्लॅशिंग १४, टेम्पो साडेनऊ, स्क्रू सात हजार. सव्वातीन लाखांचं कोटेशन आणि हे यातला फरक बराचसा पट्टा, जीपी पाईप आणि फॉइल यांचा. जिथे वाचवायचं आहे त्यांनी फॉइल पुढच्या वर्षी घाला, पन्हळ पुढच्या वर्षी घाला, पट्टा मात्र नंतर घालता येत नाही.

राखून ठेवलेल्या १५ हजारांतले १२ आज दिले. तीन हजार पूर्वेच्या पन्हळीचे ठेवलेत, ती आणि पडवीच्या कोपऱ्यातला गंजाचा भाग तो गणपतीआधी करून देणार आहे. जुनी कौलं दीडेक हजार शिल्लक आहेत, गोठ्याला लागतील तेवढी ठेवून बाकीची विकायची आहेत, खाच जुनी आहे, जुळणाऱ्यांनी विचारा.